कोपरगाव ते शिर्डी : राखीव जागेचा मतदार कोण?

2009 साली शिर्डी लोकसभा मतदारसंघातून रामदास आठवले सव्वा लाखांहून अधिक मतांनी पडले. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. वडिलांनी विचारले, "जागा आपल्यासाठी राखीव, मग आपला माणूस पडला कसा?" मला उत्तर देता आले नाही.

निवडून आलेले भाऊसाहेब वाकचौरेही अनुसूचित जातीचेच. कायद्याने दुसरा उभाच राहू शकत नव्हता. प्रश्न मत कोणाचे, हा आहे. 1932 च्या पुणे कराराने 71 ऐवजी 148 जागा दिल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ काढून घेतले. चार उमेदवारांची प्राथमिक निवड तेवढी अस्पृश्य मतदारांकडे राहिली. राज्यघटनेत तीही नाही. उमेदवार आपला, मतदार मात्र सगळा गाव, आणि त्या गावात आपण अल्पसंख्य.

शिर्डी हा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेतून जन्मला. न्या. कुलदीप सिंग आयोगाने 2001 च्या जनगणनेवरून जुना कोपरगाव मतदारसंघ मोडला. अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासा अशी सहा विधानसभा क्षेत्रे जोडली. त्यांतले श्रीरामपूर अनुसूचित जातीसाठी, अकोले जमातीसाठी राखीव. दक्षिणेकडच्या कर्जतचे आरक्षण गेले. तिथले आमदार सदाशिव लोखंडे पुढे 2014 आणि 2019 ला शिर्डीतून शिवसेनेचे खासदार झाले; 2024 ला पुन्हा वाकचौरे. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात तिकीट कुठून हलते, हे वाचकांना सांगायला नको.

याच भूमीने एक वेगळे वर्षही पाहिले आहे. बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर काही महिन्यांनी, 1957 ला, कोपरगावच्या खुल्या जागेवरून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेचे ते यश होते, हे मान्य. 1962 ला जागा काँग्रेसकडे गेली. तरीही कांबळे स्वतःच्या पक्षाच्या नावावर गेले होते, कुणाच्या मेहरबानीच्या तिकिटावर नव्हे.

आयोगाच्या आदेशाला कोर्टात आव्हान देता येत नाही. आमदार-खासदार त्यात सहयोगी सदस्य असतात, बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. पण मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर बैठका होतात. आजच्या घटनात्मक तरतुदीप्रमाणे पुढची आखणी 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हायची आहे. मागच्या खेपेला आमच्या वस्तीतून एकही हरकत गेली नाही. असे काही लिहून देता येते, हे वडिलांना ठाऊक नव्हते, आणि मलाही.