गाव कोणी झाडले?

महाराष्ट्र शासनाने 2000-01 या वर्षी खेड्यापाड्यांची एक स्पर्धा सुरू केली आणि तिला संत गाडगेबाबांचे नाव दिले. गावाने आपला परिसर स्वच्छ करावा, सांडपाण्याची आणि उकिरड्यांची व्यवस्था लावावी, घरोघर संडास बांधून ते वापरावेत; मग तपासणी समिती येऊन 100 पैकी गुण देईल, आणि जे गाव पंचायत समिती, जिल्हा व विभाग या पायऱ्या चढून राज्यात पहिले येईल त्याला 25 लाख रुपयांचे बक्षीस मिळेल, असे तिचे स्वरूप होते. तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने चाललेल्या या अभियानाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आम्हांस त्यातील एकाच गोष्टीकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे. गाव किती स्वच्छ आहे हे समितीच्या गुणपत्रकावरून कळते. ते कोणाच्या हातांनी स्वच्छ झाले, हे त्यावरून कळत नाही.

वस्तीच्या स्वच्छतेवर देखरेख ठेवण्याची कल्पना तशी फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराचे जे प्रकरण आहे, त्यात रस्त्यावर केर टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण दंड सांगितला आहे. चिखल-पाणी साचवून वाट अडवणाऱ्यास पाव पण. आणि हेच राजमार्गावर केल्यास दुप्पट. दर ठरलेले, अपराध ठरलेले. बक्षिसाचा तेथे मागमूस नाही. पण हा झाला नगराचा कायदा. खेड्यात दंड घेणारा नागरक नव्हता, आणि त्याची गरजही भासत नसे, कारण तेथे ही कामे जातीने वाटून दिलेली होती.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक 1915 साली प्रसिद्ध झाले. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचले असेल. गावगाडा चालत होता तो वतनावर आणि बलुत्यावर. महाराकडे गावची राखण होती, शिवेची साक्ष होती, सरकारी निरोप पोहोचवणे होते. त्याचबरोबर चावडीची झाडलोट आणि मेलेली जनावरे ओढून नेणे हेही होते. त्याच्या ‘बावन्न हक्कां’चा उल्लेख मोठ्या कौतुकाने करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या हक्कांच्या बदल्यात गावातली सगळी घाण एका जातीच्या माथी मारली गेली आणि ती उचलतो म्हणूनच त्याला अस्पृश्य ठरवले गेले, हे सांगताना मात्र आमचा आवाज खाली येतो. ‘पूर्वी आमची गावे कशी आरशासारखी असत’ असे म्हणणारे गृहस्थ आम्हांस वरचेवर भेटतात. असतीलही. परंतु आरसा पुसणारा वेशीबाहेर राहत होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्यवस्थेच्या मुळाशीच हात घातला. 1927 साली महाडच्या परिषदेत मेलेली जनावरे ओढणे सोडा असे आवाहन झाले. 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. पुढे 1958 साली मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा झाला. वतन गेले आणि वतनाबरोबर वेठही कायद्याने गेली. तेव्हा एक प्रश्न गावापुढे उघडा पडला, जो शतकानुशतके पडला नव्हता: आता गाव कोणी झाडायचे?

या प्रश्नाचे उत्तर एका परटाच्या मुलाने कायद्याच्या कितीतरी आधी देऊन ठेवले होते. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटके गाडगे, हातात खराटा. गावात शिरले की हा मनुष्य कोणाला काही न विचारता रस्ता झाडू लागे. लोक प्रथम पाहत राहत, मग ओशाळत, मग एखादा पोर घरातून केरसुणी घेऊन येई. दिवसा गावाचा केर निघे आणि रात्री कीर्तनात मनाचा. पाया पडू पाहणारावर बाबा काठी उगारीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली, ही गोष्ट त्यांच्या खराट्याचा अर्थ समजून घेण्यास पुरेशी आहे. जे काम एका जातीचे म्हणून हीन ठरले होते, ते त्यांनी भर चौकात, सर्वांच्या देखत, पूज्य करून दाखवले. 20 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे देहावसान झाले. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा अवघे दोन आठवडे झाले होते.

गांधीजींच्या मंडळींनीही याच काळात वर्ध्याजवळच्या खेड्यांत हा प्रयोग केला होता. 1935 च्या सुमारास सिंदी येथे मीराबेन, महादेवभाई प्रभृती रोज सकाळी टोपल्या घेऊन मैला उचलीत. गावकऱ्यांना त्याची लवकरच सवय झाली. उचलणारे बदलले, टाकणारे तेच राहिले. गाडगेबाबांच्या पद्धतीतला बारकावा येथे ध्यानी येतो: ते झाडू लागत खरे, पण गाव हातात खराटा घेईपर्यंतच.

स्वातंत्र्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे आपण अनुदानाच्या मार्गाने गेलो. त्याबद्दल विस्ताराने बोलण्यासारखे फारसे नाही. संडास लाखांनी बांधले गेले, आणि त्यांतल्या पुष्कळांत सरपण, गोवऱ्या व कडबा सुखाने नांदू लागला. सरकारने बांधलेली वस्तू सरकारची, असा साधा हिशेब लोकांनी केला. 2000 च्या अभियानाचे वैशिष्ट्य हे की त्याने हा हिशेब उलटा केला. आधी पैसा नाही. आधी श्रमदान, आधी वर्गणी. बक्षीस झालेच तर मागाहून, आणि तेही थोड्यांनाच. तरीही हजारो गावे कामाला लागली. पैशापेक्षा शेजारच्या गावाची ईर्षा मोठी ठरली, असे आम्हांस वाटते.

गावांची अशी परीक्षा घेण्याची कल्पना जगात इतरत्रही रुजली आहे. आयर्लंडमध्ये 1958 साली, म्हणजे आपल्याकडे वतने गेली त्याच वर्षी, नीटनेटक्या गावांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी 52 गावे उतरली आणि डोनेगल परगण्यातील ग्लेंटीज हे गाव पहिले आले. आता तेथे दरवर्षी आठशेंवर गावे भाग घेतात. दोन गोष्टी तेथे लक्षात घेण्याजोग्या आहेत. परीक्षक न सांगता येतो. उन्हाळ्यातल्या कोणत्याही दिवशी तो गल्लीतून हिंडून जाईल आणि गावाला पत्ताही लागणार नाही. आणि जिंकलेल्या-हरलेल्या प्रत्येक गावाला तो लेखी अभिप्राय पाठवतो: अमुक भिंत रंगवा, तमुक ओढ्याकाठचे रान कापू नका. प्रारंभी केर, रंग आणि फुले पाहणारी त्याची नजर आता मधमाश्या, रानफुले आणि पाण्याची काटकसर यांवरही जाते. गुणपत्रकातले रकाने बदलले की गावाचे तोंडही बदलते.

आमच्याकडे समिती येते ती वाजतगाजत. देशावरच्या एका गावात, अभियानाच्या पहिल्या काही वर्षांत, अशा तपासणीच्या दिवशी आम्ही हजर होतो. वेशीवर कमान, लेझीम, दारोदार रांगोळ्या, झाडांच्या बुंध्यांना चुना नि गेरू. समितीतले एक वयस्कर गृहस्थ मात्र मुरलेले होते. कमानीकडे त्यांनी ढुंकून पाहिले नाही. एका घरात शिरून त्यांनी पाण्याच्या माठावरचे झाकण उचलले आणि लांब दांड्याचे ओगराळे आहे की नाही ते पाहिले. ओगराळे होते; पण इतके नवे, की त्यावरची किमतीची चिठ्ठी तशीच होती. संडासाचे दार उघडून त्यांनी प्रथम कोपऱ्यातली जळमटे पाहिली, मग फरशी ओली आहे का ते. शाळेत मुलांची नखे पाहिली. शोषखड्ड्यावर काठी आपटून पाहिली. आम्हांस हा मनुष्य फार आवडला.

शेवटी, चहा घेता घेता, त्यांनी सरपंचांना सहज विचारले, “गटारं फार स्वच्छ आहेत. काढतं कोण?”

सरपंच म्हणाले, “गावच काढतं साहेब. श्रमदान.”

“श्रमदान आठवड्यातून एकदा. बाकीचे सहा दिवस?”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग मागून एक म्हातारी म्हणाली, “आमचा नातू काढतो की. ग्रामपंचायतीत लावलाय त्याला. त्याचा आजाबी हेच करायचा.”

गृहस्थांनी हातातल्या कागदाकडे पाहिले. या अभियानात सामाजिक एकतेसाठी आंबेडकरांच्या नावाने वेगळा पुरस्कार ठेवलेला होता, ही त्याच्या कर्त्यांची दूरदृष्टी मान्य केलीच पाहिजे. परंतु गटाराच्या रकान्यात ‘स्वच्छ’ आणि ‘अस्वच्छ’ यांपलीकडे काही लिहिण्यास जागा नव्हती. त्यांनी पूर्ण गुण दिले. द्यावेच लागले, गटार स्वच्छ होते.

याचा अर्थ अभियान फसले, असा कोणी करू नये. ज्या वाटेने नाक दाबून जावे लागे, तेथे रात्री अंगणात बसून माणसे जेवताना आम्ही पाहिली आहेत. पहाटेच्या अंधाराची वाट पाहत दिवस काढणाऱ्या बायकांना घरचा संडास म्हणजे काय, हे पुरुष वक्त्याने सांगू नये हे बरे. केंद्र सरकारने 2003 साली निर्मलग्राम पुरस्कार जाहीर केला, 2005 साली तो प्रथम दिला गेला, आणि पुढे ते पुरस्कार मिळवण्यात महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला. मात्र नंतरच्या पाहण्यांत पुरस्कार घेतलेल्या गावांतही लोक पुन्हा उघड्यावर जाताना आढळले. पहाटे शिट्ट्या फुंकीत लोकांना हागणदारीतून हुसकावणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ हा तर गाडगेबाबांच्या नावाने केलेला, पण त्यांना खासच न आवडणारा प्रकार. बाबा लोकांना लाजवीत ते स्वतः वाकून. शिट्टी फुंकून नव्हे.

स्पर्धा थांबलेल्या नाहीत. 2007 साली तंटामुक्त गावाची मोहीम आली. 2 ऑक्टोबर 2020 रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. त्यात पंचमहाभूतांच्या नावाने गुण आहेत, म्हणजे भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश. झाडे किती लावली, कचरा कसा वेगळा केला, सौर दिवे किती बसवले, असे रकाने आता भरले जातात. आयर्लंडप्रमाणे आपल्याही परीक्षकाची नजर रुंदावली, ही चांगलीच गोष्ट झाली.

त्या देशावरच्या गावी आम्ही काही वर्षांनी पुन्हा गेलो. त्या वर्षी त्यांना जिल्ह्याचे बक्षीस मिळाले होते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर स्मृतिचिन्हाचे छायाचित्र होते आणि खाली सरपंच, उपसरपंच व सदस्यांची नावे रंगवलेली होती. गटारे बऱ्यापैकी वाहती होती. म्हातारीच्या नातवाची आम्ही चौकशी केली. तो पुण्याला गेला होता, महानगरपालिकेच्या ठेकेदाराकडे सफाईच्या कामावर. त्याच्या जागी गावात कोण, असे विचारले तेव्हा कारकुनाने हजेरीपत्रक काढून दाखवले. नाव निराळे होते, आडनाव तेच.