अमेरिकेत दारूसाठी २१ वर्षंच का?

तुमची मुलं अमेरिकेत शिकत असतील, तर तिथे २१ वर्षांखाली दारू विकत मिळत नाही हे तुम्हाला ठाऊक असेल. हा आकडा यकृताकडे पाहून ठरला, असं अनेकांना वाटतं. तो ठरला रस्त्यांवरच्या अपघातांमुळे.

१९७१ मध्ये मतदानाचं वय १८ झालं, तेव्हा अनेक राज्यांनी दारूचंही वय खाली आणलं. शेजारच्या राज्यात मात्र २१च. मग पोरं गाडी काढून सीमेपलीकडे जायची आणि पिऊन रात्री परत निघायची! १९८४ च्या कायद्याने केंद्राने नाड्या आवळल्या: वय २१ न करणाऱ्या राज्याचा महामार्ग निधी कापणार. १९८८ पर्यंत सगळी राज्यं वठणीवर आली. तरुणांचे अपघाती मृत्यू घटले. त्यात कायद्याचा वाटा किती, सीटबेल्टचा किती, हा वाद आहेच.

२००८ मध्ये शंभराहून अधिक कॉलेजप्रमुखांनी फेरविचार मागितला. बंदीमुळे मुलं लपून, घाईघाईने भरपूर पितात, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर म्हणून मला यातली एक गोष्ट जास्त छळते: मित्र बेशुद्ध पडला तरी शिक्षेच्या भीतीने अॅम्ब्युलन्स बोलावली जात नाही. आता बऱ्याच राज्यांत अशी मदत मागणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. मुलांना सांगून ठेवा: त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, ९११ लावा.