सहाचा अर्धा: तीन सिलिंडरच्या इंजिनाची कुळकथा

नवी गाडी घ्यायला निघालेल्या घरात कुणीतरी विचारतंच, “सिलिंडर किती?” उत्तर ‘तीन’ असं आलं की विचारणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. खरे हवेत चार, कंपनीने पैसे वाचवायला एक काढून टाकला, असा सर्वसाधारण समज आहे. गॅरेजमध्ये ‘गाडी मिस मारतेय’ असं म्हणतात तेव्हा बहुधा चारातला एक सिलिंडर पेटत नसतो. त्यामुळे तिनावर चालणं म्हणजे बिघाडासकट चालणं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण एका रांगेत तीन सिलिंडर असलेलं हे इंजिन चारातून एक वजा करून झालेलं नाही. त्याचं गोत्र सहा सिलिंडरच्या इंजिनाचं आहे, आणि त्याचे सगळे गुणदोष त्या गोत्रातूनच आले आहेत. ते ओळखलं की गेल्या ऐंशीएक वर्षांत हे इंजिन वारंवार मागे का पडलं आणि वारंवार परत का आलं, याचा उलगडा होतो.

आधी त्याची रचना पाहू. पिस्टन वरखाली होतो आणि कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकशाफ्ट फिरवतो. चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात दोन पिस्टन वर असताना दोन खाली असतात. वरवर पाहता हिशेब चोख आहे. पण पिस्टनचा वेग वरच्या आणि खालच्या अर्ध्या प्रवासात सारखा नसतो. या फरकातून क्रँकच्या दुप्पट गतीने एक थरथर उठते, आणि ती चारही सिलिंडरांची मिळून एकाच दिशेने येते. म्हणूनच मोठ्या चार सिलिंडर इंजिनांत ती मारण्यासाठी वेगळे बॅलन्स शाफ्ट बसवावे लागतात.

तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँक एकमेकांपासून १२० अंशांवर असतात. त्यामुळे वरखाली होणारी बलं एकमेकांना पूर्ण छेदतात, दुप्पट गतीची ती थरथरसुद्धा शिल्लक राहत नाही. मग तीन सिलिंडरचं इंजिन का हलतं? कारण बलांची बेरीज शून्य झाली तरी ती एका जागी लागत नाहीत. एक टोकाला, एक मध्ये आणि एक दुसऱ्या टोकाला लागतं. तराजूची दांडी काट्यावर स्थिर असूनही तिचं एक टोक वर आणि दुसरं खाली जात राहावं, तसं हे इंजिन लांबीच्या दिशेने डुलत राहतं.

आता अशी दोन इंजिनं एकामागे एक, आरशातल्या प्रतिमेसारखी जोडा. एक जितकं एका बाजूला डुलतं तितकंच दुसरं उलट बाजूला डुलतं, आणि सगळं शांत होतं. हेच एका रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन, मोटारींच्या जगात गुळगुळीत चालीसाठी वाखाणलेलं. त्याची शांतता दोन तिनांची मिळून झालेली आहे. एकट्या तिनाला डुलणं भाग पडतं ते त्याचा जोडीदार समोर नसल्यामुळे.

हे नातं जाहिरातीत आणि गाडीच्या बिल्ल्यावर उघड मिरवलं ते जर्मनीच्या डीकेडब्ल्यूने. यॉर्गन स्काफ्टे रासमुसेन या डॅनिश उद्योजकाने सॅक्सनीतल्या चोपाऊ गावी उभारलेली ही कंपनी टू-स्ट्रोक इंजिनांसाठी प्रसिद्ध होती. १९३२ मध्ये ती आउडी, होर्श आणि वांडरर यांच्यासोबत ‘ऑटो युनियन’मध्ये सामील झाली. आउडीच्या बिल्ल्यावरची चार वर्तुळं ती याच चौघांची. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलणं आणि ताजं मिश्रण आत घेणं ही कामं एकाच वेळी होतात, आणि त्यात ताजं मिश्रणही वाया जातं. अडॉल्फ श्नुर्ले या अभियंत्याने ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये वळण घेऊन फिरेल अशी झरोक्यांची मांडणी शोधली. ती वापरून डीकेडब्ल्यूने आपली इंजिनं सुधारली. १९३० च्या दशकात तिच्या छोट्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्या दोन सिलिंडरवर चालत. त्यांच्या जागी तीन सिलिंडरची, ८९६ सीसीची ‘एफ ९’ तयार झाली. नमुने धावू लागले, आणि तेवढ्यात युद्धाने सगळं थांबवलं.

युद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली आणि या इंजिनाच्या घराण्याचीही. कंपनीचे मूळ कारखाने सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व भागात राहिले. तिथे हीच गाडी ‘आयएफए एफ ९’ या नावाने निघाली आणि पुढे आयझेनाख शहरात तिच्यातून वार्टबर्ग घडली. पश्चिमेत नव्याने उभ्या राहिलेल्या ऑटो युनियनने १९५३ मध्ये तेच इंजिन ‘झोंडरक्लासे’ या गाडीत बसवलं. याच मालिकेला ‘३=६’ हे नाव मिळालं.

हे समीकरण निव्वळ बढाई नव्हतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. म्हणून टू-स्ट्रोकचे तीन सिलिंडर दर १२० अंशांना एक धक्का देतात, अगदी फोर-स्ट्रोकच्या सहा सिलिंडरांइतक्याच वेळा. डुलणं तेवढं तिनाचंच राहिलं. शिवाय व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. तीन पिस्टन, तीन कनेक्टिंग रॉड आणि एक क्रँकशाफ्ट, असे मुख्य हलणारे भाग सातच.

स्वीडनची विमानं बनवणारी साब कंपनी याच वाटेने आली. १९५५ च्या डिसेंबरमध्ये तिने ‘साब ९३’ दाखवली, ७४८ सीसीच्या तीन सिलिंडर टू-स्ट्रोकसह. पुढच्या ‘साब ९६’मध्ये हे इंजिन ८४१ सीसीचं झालं. एरिक कार्लसनने ती घेऊन १९६०, १९६१ आणि १९६२ अशी सलग तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली जिंकली, आणि १९६२ व १९६३ मध्ये माँटे कार्लोही. मोठमोठ्या इंजिनांना बर्फाळ वळणांवर या छोट्या इंजिनाने मागे टाकलं, कारण गाडी हलकी होती, ओढ पुढच्या चाकांवर होती आणि वजनही त्यांच्याच डोक्यावर होतं.

पण टू-स्ट्रोकची दुखणी मोठी होती. पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागे, मागे निळा धूर राही. इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्याने लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ते कोरडं पडण्याचा धोका. म्हणून या गाड्यांत फ्रीव्हील असे, म्हणजे उतारावर इंजिन चाकांपासून सुटं होई. १९६० च्या दशकात ऑटो युनियनने हा मार्ग सोडला. १९६५ मध्ये चार सिलिंडरची फोर-स्ट्रोक गाडी ‘आउडी’ हे जुनं नाव घेऊन आली. १९६७ पासून साबने फोर्डचं व्ही-४ इंजिन घेतलं. फक्त पूर्व जर्मनीत, पर्याय हाती नसल्यामुळे, वार्टबर्ग १९८८ पर्यंत तिनाच्या टू-स्ट्रोकवरच चालत राहिली.

या घराण्याची दुसरी शाखा ट्रॅक्टरची. तिचं मूळ इंग्लंडमधल्या पीटरबरो इथल्या पर्किन्स कंपनीत आहे. १९५९ मध्ये मॅसी-फर्ग्युसनने ही कंपनी घेतली आणि ‘३५’ ट्रॅक्टरात चार सिलिंडरच्या डिझेलऐवजी पर्किन्सचं तीन सिलिंडरचं, सुमारे अडीच लिटरचं इंजिन बसू लागलं. ट्रॅक्टरला वेगापेक्षा कमी फेऱ्यांत मोठी ओढ लागते. मोठे, मोजके सिलिंडर ती देतात, इंजिनाची लांबी कमी राहिल्याने ट्रॅक्टर आखूड होतो आणि शेताच्या कडेला कमी जागेत वळतो. डुलणं तिथेही असतं, पण नांगर ओढायला मुद्दाम जड ठेवलेल्या लोखंडात ते जिरतं. भारतात मॅसी फर्ग्युसन चेन्नईच्या ‘टाफे’ने आणला. स्वराजचा ‘७३५’ तीन सिलिंडरचाच, आणि स्वराजची इंजिनं बनवणारी कंपनी १९८५ मध्ये पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या साथीने उभी राहिली. पुण्याजवळ सणसवाडीला जॉन डिअर बनवते तो ‘५३१०’ही तिनाचाच. ज्या महाराष्ट्रात मोटारीतल्या तीन सिलिंडरकडे संशयाने पाहिलं जातं, तिथल्या शेतकऱ्याने तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरवर नांगरणीपासून उसाच्या ट्रॉलीपर्यंतची कामं बिनघोर सोपवली आहेत.

मोटारीतला तिनाचा दुसरा जन्म जपानमध्ये झाला. तिथे ‘केई’ या छोट्या गाड्यांच्या वर्गाला करात सवलत होती आणि इंजिनाला मर्यादा. ती आधी ३६० सीसी, १९७६ पासून ५५० सीसी होती. सुझुकीने १९६५ च्या ‘फ्रोंटे ८००’मध्ये आणि १९६७ च्या छोट्या ‘फ्रोंटे ३६०’मध्ये तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक वापरलं होतं. १९७३ च्या तेलटंचाईने आणि धुराच्या नियमांनी सगळा उद्योग फोर-स्ट्रोककडे वळवला. १९७७ मध्ये दायहात्सूने ‘शाराड’ आणली, ९९३ सीसी, तीन सिलिंडर, फोर-स्ट्रोक. डुलणं आवरायला क्रँकच्या उलट दिशेने, त्याच गतीने फिरणारा एक बॅलन्स शाफ्ट तिच्यात होता. समोर नसलेल्या जोडीदाराचं काम एका वजनदार दांड्याने केलं. सुझुकीची ‘आल्टो’ १९७९ मध्ये आली ती टू-स्ट्रोकवर, पण लवकरच तिच्यातही ५४३ सीसीचं तीन सिलिंडर फोर-स्ट्रोक बसलं. त्याच कुळातलं मोठं भावंड, ७९६ सीसीचं ‘एफ ८ बी’, भारतात आलं.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. तेव्हा रस्त्यावर राज्य होतं १४८९ सीसीच्या अ‍ॅम्बेसेडरचं आणि मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या १०८९ सीसीच्या प्रीमियर पद्मिनीचं. दोन्ही चार सिलिंडरच्या, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. मारुतीचं इंजिन आखूड असल्याने ते गिअरबॉक्ससकट आडवं बसलं आणि पुढचीच चाकं ओढू लागलं. मधला लांब प्रॉपेलर शाफ्ट गेला. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास राहिलं. याच इंजिनाने मारुतीची व्हॅनही ओढली, जी पुढे ओम्नी झाली.

चारचौघांना बसवून, एसी बंद करून खंडाळ्याचा घाट चढवलेली गाडी ज्यांनी चालवली, त्यांना या इंजिनाची मर्यादा ठाऊक आहे, आणि त्याचा भरवसाही. सिग्नलला उभं असताना गिअरची दांडी थरथरायची. फोर-स्ट्रोकमध्ये तिनाचे धक्के २४० अंशांनी येतात आणि प्रत्येक धक्का साधारण १८० अंशांपर्यंतच पुरतो. त्यामुळे दोन धक्क्यांमध्ये रिकामी जागा पडते. सावकाश फिरताना ती जाणवते, वेग वाढला की भरून निघते. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत भारतात पंचवीस लाखांहून अधिक मारुती ८०० विकल्या गेल्या. भारतीय मध्यमवर्गाची मोटार तीन सिलिंडरची होती, हे आपण गाडी घेताना का विसरतो, याचं मला खरोखर नवल वाटतं.

तिनाचा तिसरा जन्म युरोपात झाला. २००९ च्या युरोपीय नियमाने नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी २०१५ पर्यंत किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणायला लावली. तेवढाच आकार चाराऐवजी तीन सिलिंडरांत विभागला तर घासणारे पृष्ठभाग कमी होतात आणि भिंतींतून निसटणारी उष्णताही. त्यात टर्बो जोडला तर तिनाचा जुना दोष कामी येतो. २४० अंशांच्या अंतराने येणारे धुराचे झोत एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून टर्बोचं चाक ते स्वच्छ पकडतं. फोर्डने २०१२ मध्ये ९९९ सीसीचं ‘इकोबूस्ट’ आणलं, ज्याचा ब्लॉक ए-४ कागदावर मावायचा. त्यात बॅलन्स शाफ्ट ठेवला नाही. फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम असमतोल करून थरथर अशा दिशेला वळवली, जिथे इंजिनाच्या माउंटिंगना ती पेलते. २०१२ पासून सलग तीन वर्षं आंतरराष्ट्रीय ‘इंजिन ऑफ द इयर’ हा मान त्याला मिळाला. त्यानंतर बीएमडब्ल्यूने ‘आय ८’ या स्पोर्ट्स कारमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडर बसवलं, टोयोटाने ‘जीआर यारिस’मध्ये १६१८ सीसीचं.

भारतात या लाटेला कराचं बळ मिळालं. चार मीटरच्या आतली, पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंतची गाडी स्वस्त पडू लागली, आणि त्या चौकटीत तीन सिलिंडर सहज बसले. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो, रांजणगावची टाटा नेक्सॉन, नाशिकची महिंद्रा एक्सयूव्ही ३००, या तिन्हींत तीन सिलिंडरची पेट्रोल इंजिनं बसली. महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी हे इंजिन परक्याचं राहू दिलेलं नाही.

दोषही सांगायला हवेत. स्वस्त गाडीत माउंटिंग लवकर बसलं की केबिन घुमू लागते. टर्बो जागा होईपर्यंत कमी फेऱ्यांत ओढ पातळ वाटते. घेणाऱ्याने ते चालवून पाहावं, पण फक्त आकडा ऐकून नाक मुरडू नये.

हायब्रिडमध्ये तर हे इंजिन आपल्या जागी नेमकं बसलं आहे. २०२२ मध्ये आलेल्या मारुती ग्रँड व्हिटाराच्या आणि तिच्या टोयोटा भावंडाच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये १४९० सीसीचं तीन सिलिंडर आहे. सिग्नलला उभं असताना, गर्दीत रांगताना, जिथे तीन सिलिंडर सर्वांत खडबडीत चालतात, तिथे इंजिन बहुतेक वेळ बंदच असतं आणि विजेची मोटर गाडी ओढते. वेग घेतल्यावर ते सुरू होतं, म्हणजे ज्या फेऱ्यांत ते उत्तम चालतं तिथेच त्याला काम मिळतं. ऑटो युनियनच्या अभियंत्यांना हवा असलेला सहाचा गुळगुळीतपणा टू-स्ट्रोकने धुराच्या किमतीवर दिला, दायहात्सूने बॅलन्स शाफ्टने दिला, फोर्डने असमतोल पुलीने. आता तो मोटर देते आहे. दरवेळी तिनाच्या समोरची रिकामी जागा कुणीतरी भरली, आणि दरवेळी कमी लोखंडात गाडी पुढे गेली. म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘तीनच?’ असं विचारलं तर उत्तर सरळ आहे: तिनाचं मोल चाराशी तुलना करून ठरत नाही, त्याला जोडीदार कोणता दिलाय त्यावर ठरतं.