सुटलेले पुस्तक

कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे (जन्म १८७२) डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले. शाळा सुटली. मग मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. बुवांनी ही विद्या आपल्या ग्वाल्हेरात, वासुदेवबुवा जोशींकडे मिळवलेली. त्या काळी गाण्याला दाद मिळे, गवयाला मात्र मान नसे. ती सल मनात घेऊन १८९६ मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. स्वरलिपी तयार करून क्रमिक पुस्तके छापली. डोळ्यांपायी ज्यांच्या हातचे पुस्तक सुटले, त्यांनीच गाणे पुस्तकात आणून घरंदाज मुलामुलींपर्यंत पोहोचवले. आज आपल्या मंडपात मुली तंबोरा घेऊन निःसंकोच बसतात, त्यामागे ही हकिकत आहे.