कुंडलचे डोंगर आणि वनविहार

सन १९४३ च्या सुमारास प्रतिसरकारामुळें कुंडलचें नांव महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झालें. परंतु या गांवाची कीर्ति त्याहून पुष्कळ जुनी असून ती डोंगरांशीं निगडित आहे. गांवांत कलिकुंड पार्श्वनाथ, कड्याच्या पोटांतील गुहेंत झरी पार्श्वनाथ व माथ्यावर गिरी पार्श्वनाथ, अशीं जैनांचीं तीन तीर्थस्थानें येथें आहेत. याच परिसरांतील डोंगरांत, देवराष्ट्रे गांवाजवळ, सागरेश्वराचें शिवालय आहे. श्रावणांत तेथें भाविकांची रीघ लागते.

वनविहार हा शब्द आमच्या काव्यांत जुना आहे. व्यवहारांत मात्र निव्वळ हवा खाण्यासाठीं सहकुटुंब डोंगर चढण्याची चाल आमच्याकडे फारशी नव्हती. देवाचें निमित्त लागे. दर्शन झालें कीं झाडाखालीं शिदोरी सुटे, मुलें उंडारत, सासुरवाशिणींना माहेरचीं माणसें भेटत. याला करमणूक म्हणण्याचें कोणाच्या मनांतही येत नसे! जर्मनींत हायडेलबर्ग नगरासमोर, नेकर नदीपलीकडे, दाट झाडीचा एक डोंगर आहे. त्याच्या नांवाचा अर्थच ‘पुण्यगिरि’. माथ्यावर मध्ययुगीन मठांचे भग्नावशेष आणि उतारावर ‘तत्त्वज्ञांची वाट’ या नांवाचा प्रसिद्ध रस्ता. तेथील मठवासी गेले, फिरावयास येणारे आले; झाडी आहेच. आमच्याकडे उलट झालें. देव राहिला, भक्त राहिले आणि झाडी गेली.

हा मुलूख मुळांतच कमी पावसाचा. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर कुंडल रोड स्थानकाजवळ आले तेव्हां औंध संस्थानाकडून त्यांना मिळालेली जमीन म्हणजे निवडुंगानें भरलेलें उजाड माळरान होतें. सागरेश्वराचे डोंगरही असेच उघडेबोडके होते. तेथील सध्यांची वनश्री माणसांच्या हातची आहे. मोहित्यांचें वडगांव येथील धों. म. मोहिते यांनीं मोठ्या चिकाटीनें वृक्षारोपणाचें काम चालविलें. सांबर, चितळ, काळवीट बाहेरून आणून सोडण्यांत आले. आणि १९८५ सालीं सुमारें ११ चौरस किलोमीटरांच्या या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

आतां ‘किर्लोस्कर पॉइंट’वर उभें राहून कृष्णाकांठचा ऊस व द्राक्षमळे पाहण्यास सहली येतात. मुलांना हरणें दाखवितांना आईबापांना आनंद होतो, आणि तो रास्तच आहे. परंतु तींच हरणें कुंपण ओलांडून शिवारांत शिरतात, तेव्हां पायथ्याच्या शेतकऱ्याला हा विहार महाग पडतो. आमची सहल एका दिवसाची. त्याला राखण रात्रभर करावी लागते. रान सर्वांचें म्हणावयाचें आणि नासाडी एकट्यानें सोसावयाची, हा न्याय आम्हांस पटत नाहीं.

शाळांच्या सहलींना आमची एक सूचना आहे. देऊळ व हरणें पाहून झाल्यावर परततांना मुलांना पायथ्याच्या एखाद्या मळ्यावर न्यावें. तेथें एखादें वृद्ध माणूस भेटलें, तर वर झाडें नव्हतीं तेव्हां हा डोंगर कसा दिसे, तें त्याला विचारावें.