खाडीकाठची माती

मातीकडे गुन्ह्याचं साधन म्हणून बघायची आपल्याला सवय नाही. प्लास्टिक, सांडपाणी, केमिकल म्हटलं की लगेच नाक मुरडतो आपण. पण माती? ती तर काळी आई! म्हणूनच खाडीकाठी रात्रीत चार डंपर माती येऊन पडली तर कुणाला फारसं काही वाटत नाही. 'माती तर आहे, पावसाळ्यात वाहून जाईल' एवढं म्हणून विषय संपतो. गंमत अशी की रायगडच्या किनाऱ्याचा गेल्या काही शतकांचा इतिहास हा बराचसा मातीचाच इतिहास आहे. कोणी टाकली, कुठे टाकली आणि कोणाच्या फायद्यासाठी टाकली, याचा.

आधी भूगोल. उत्तरेकडून पनवेलची खाडी, मग धरमतर, रेवदंडा, राजपुरी आणि पार दक्षिणेला सावित्रीच्या मुखाशी बाणकोट. भरतीचं पाणी या खाड्यांतून कित्येक किलोमीटर आत येतं आणि दिवसातून दोनदा परत जातं. या ये-जा करणाऱ्या पाण्याखालची जमीन म्हणजे खाजण. तिथे तिवर, कांदळ, चिप्पी ही खारफुटीची झाडं वाढतात. (पांढऱ्या चिप्पीला 2020 साली महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. हा प्रश्न क्विझमध्ये हमखास येतो, लक्षात ठेवा!)

याच खाजणाला बांध घालून भातशेती करायची युक्ती इथे खूप जुनी आहे. अलिबाग-पेणच्या खारेपाटात तिला शिलोत्री म्हणत. कुलाबा जिल्ह्याच्या 1883 च्या गॅझेटियरमध्येही तिची नोंद आहे. पद्धत सोपी वाटते, पण इंजिनिअरच्या नजरेने बघितली तर झकास आहे. खाडीच्या बाजूला मातीचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी ठेवायची. ओहोटीला उघाडीतून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला ती बंद असल्यामुळे खारं पाणी आत येत नाही. पावसाळ्यामागून पावसाळे गेले की जमिनीतलं मीठ धुतलं जातं आणि भात पिकायला लागतो. बांधाच्या पुढे तिवरांचा पट्टा असला की लाटांचा मार तो झेलतो आणि बांध टिकतो. आज ज्याला आपण 'बफर झोन' म्हणतो तो हाच.

म्हणजे माती इथे पूर्वीपासूनच टाकली जात होती, मग आताच ओरड कशाला? प्रश्न बरोबर आहे. फरक असा की बांधाची माती पाण्याशी हिशेब करून टाकलेली असायची. उघाडी कुठे, पाण्याला वाट कुठे, खांड पडली तर धावायचं कोणी, हे सगळं गावाला माहीत असायचं. दुरुस्ती चुकली की पीक गेलं, इतका रोखठोक फीडबॅक लूप!

अर्थात हे रामराज्य वगैरे नव्हतं. चिखलात उतरून बांध राखणारे हात कुळांचे आणि धान्याचा मोठा वाटा खोत-सावकारांचा. 27 ऑक्टोबर 1933 रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला आणि तो संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षं! आपल्याकडे वीकएंडला काम सांगितलं तर दोन तासांत बंड होतं आणि दोन तासांत शमतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. कुळकायद्याच्या इतिहासात चरीचं नाव येतं ते यामुळे.

स्वातंत्र्यानंतर बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. 1948 साली खारजमिनींचा कायदा झाला, पुढे 1979 साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. कागदावर उत्तम. पण गावाची व्यवस्था गेली आणि सरकारी दुरुस्ती वेळेवर होईना. शहापूर-धेरंडसारख्या भागांत बांध फुटले, खारं पाणी शेतात शिरलं आणि त्याच्या मागून खारफुटीही शेतात उगवली. म्हणजे शेतकऱ्याचं शेत गेलं ते गेलंच, वर ती झाडं कायद्याने संरक्षित! त्यामुळे खारेपाटातला एखादा शेतकरी 'कांदळवन वाचवा' ऐकून वैतागला तर त्याला पर्यावरणाचा शत्रू म्हणायची घाई करू नये. त्याची तक्रार झाडाशी नाही, न झालेल्या दुरुस्तीशी आहे.

दरम्यान उत्तरेकडे दुसरीच गोष्ट सुरू झाली होती. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि पनवेल-उरणची खाजणं एकदम 'डेव्हलपेबल' दिसू लागली. बांधाच्या मातीची जागा भरावाने घेतली. भरावाला उघाडी नसते. त्याला पाण्याशी बोलायचंच नसतं, त्याला फक्त उंच व्हायचं असतं. मी राहतो त्या नवी मुंबईतल्या बिल्डिंगखालीही कधीकाळी खाजणच असणार, त्यामुळे हे सगळं मी फार उंचावरून सांगत नाहीये.

कायद्याने यात रेघ ओढायचा प्रयत्न केला. 19 फेब्रुवारी 1991 ची किनारा नियमन अधिसूचना म्हणाली, खाडीकाठी निदान 100 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकी, यातली जी कमी असेल तेवढी जागा सोडा. 1994 मध्ये सरकारने हे अंतर 50 मीटरवर आणलं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. आणि 2019 च्या नव्या अधिसूचनेत खाडीकाठचं अंतर पुन्हा 50 मीटर! एखादा बग फिक्स करावा आणि तेवीस वर्षांनी नव्या व्हर्जनमध्ये तो फीचर म्हणून परत यावा, तसलाच प्रकार.

खारफुटीपुरती मात्र मुंबई उच्च न्यायालयाने जास्त पक्की रेघ ओढली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर 6 ऑक्टोबर 2005 ला अंतरिम आदेश आला आणि 17 सप्टेंबर 2018 ला न्या. अभय ओक आणि न्या. रियाझ छागला यांचा अंतिम निकाल. जमीन सरकारी असो की खासगी, खारफुटीभोवती 50 मीटरच्या आत बांधकाम नाही. राडारोडा, भराव टाकायचा नाही. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: जिथे नाश झालाय ती जागा पूर्ववत करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पूर्ववत म्हणजे नेमकं काय? इथे थोडं जीवशास्त्र. खाजणाच्या चिखलात हवा जवळजवळ नसते. म्हणून तिवराची मुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात. त्यांच्यावर फूटभर माती टाकली की झाड गुदमरतं. कुऱ्हाड लावावी लागत नाही, साक्षीदार लागत नाही, काही महिन्यांत झाड आपोआप वाळतं. शिवाय जमिनीची उंची वाढली की भरती तिथपर्यंत पोचतच नाही. मग माणूस येऊन म्हणतो, 'बघा साहेब, इथे खारफुटी आहेच कुठे?' आणि बफरची रेघ सरकते.

म्हणूनच अशा जागेवर नुसती रोपं लावून भागत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या वेस्ट लेक इथे रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की आधी टाकलेला भराव उपसा, जमीन शेजारच्या जिवंत खारफुटीच्या पातळीला आणा, भरतीच्या वाटा मोकळ्या करा. बाकीचं काम पाणी करतं. तिथे झाडं लावावी लागली नाहीत, बिया भरतीबरोबर आल्या. याउलट फिलिपीन्समध्ये चुकीच्या पातळीवर, चुकीच्या जातींची अफाट लागवड झाली आणि बरीचशी रोपं मेली. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी रोलबॅक, मग डिप्लॉय.

क्रम असा: माती टाकणं थांबवायचं. पावसाळ्यापूर्वी ती उचलायची, नाहीतर पहिल्या सरीत ती खाडीत जाऊन मासे-खेकड्यांच्या जागा बुजवते. उचलताना मूळचा चिखल खरवडायचा नाही. बुजलेले पाण्याचे मार्ग उघडायचे. मग दोन-तीन पावसाळे थांबून बघायचं, आणि आपोआप उगवलं नाही तरच लागवड. यात फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही, हीच खरी अडचण आहे. रोप हातात धरलेला पाहुणा छान दिसतो. माती परत नेणारा डंपर कुणाच्याच बॅनरवर येत नाही.

आणि ही नुसती झाडांची गोष्ट नाही. 27 फेब्रुवारी 2015 रोजी राष्ट्रीय हरित लवादाने उरण परिसरातल्या 1630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश बंदर, ओएनजीसी आणि सिडको यांना दिला होता. भराव आणि खारफुटीच्या नाशामुळे त्यांची मासेमारी बुडाली, हा त्यामागचा मुद्दा. लक्षात घ्या, ही चोरून रात्री टाकलेली माती नव्हती, सरकारी प्रकल्पांचा भराव होता. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठीही उलव्याची टेकडी कापून दलदल भरली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, तेही रीतसर मंजुरी घेऊन. मंजुरी असणं आणि नसणं यात कायद्याने मोठा फरक आहे आणि तो असायलाच हवा. पण भरतीला परवान्याचा कागद वाचता येत नाही. तिची जागा घेतली की ती दुसरी जागा शोधते.

मला विकासाच्या विरोधात गळा काढायचा नाही, त्या विमानतळावरून मीही उडणार आहेच. मुद्दा एवढाच की खारेपाटातल्या बांधामागे उत्तर द्यायला एक गाव होतं. आज बेकायदा ढिगामागे उत्तर द्यायला कोणी नसतं, आणि कायदेशीर भरावामागे इतके जण असतात की उत्तर कोणीच देत नाही.

तेव्हा ऑफिसच्या सीएसआर टीमने खारफुटी लागवडीसाठी रविवारी सकाळी बोलावलं, तर जरूर जा. फक्त टी-शर्ट आणि टोपी घ्यायच्या आधी आयोजकांना एक प्रश्न विचारा: 'इथली टाकलेली माती उचलली का?' उत्तर 'हो' असेल तर बिनधास्त चिखलात उतरा. 'नाही' असेल तर त्या रविवारी रोपांऐवजी एक तक्रार अर्ज लिहा. तालुक्याला तहसीलदार आहे, आणि 2012 पासून वनखात्याचा कांदळवन कक्षही आहे. जागेचे, तारखेचे फोटो जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.