दुष्काळात तेरावा

वणीजवळचं राजूर कोळशाचं आणि चुनखडीचं गाव. खाणीचा पगार बारा महिन्यांचा. पंचांगाचं वर्ष मात्र कधी तेरा महिन्यांचं. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडं. साठलेली ही तूट साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एका जादा महिन्यानं भरून निघते. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत नाही, तो अधिक. २०२६ मध्ये ज्येष्ठ असा आला.

त्यालाच धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला पुरणाचे धोंडे वाढायचे. पण ‘दुष्काळात तेरावा’ हा शब्दप्रयोग मला अधिक खरा वाटतो. कणगी रिकामी असताना आणखी तीस दिवस पोरांच्या ताटात काय घालायचं, हा आईचा घोर त्यात आहे.